पॅनेल गाळू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. लायब्ररीचा हॉल मिळाला, ज्यू शांतता कार्यकर्त्यांवरची डॉक्युमेंटरी ठरली आणि लगेच दोन्हीकडून फोन सुरू झाले. एक म्हणतो हा ज्यूद्वेष, दुसरा म्हणतो चार भले ज्यू दाखवून तुम्ही पॅलेस्टिनी भूमीवरचा इस्रायलचा कब्जा झाकताय. म्हणून तुझी कमिटी म्हणते, फिल्म दाखवू, पॅनेल गाळू, चहा देऊन लोकांना घरी पाठवू.

गाळू नका. फिल्म काय, लोक घरी सोफ्यावरही बघतात. हॉल घ्यायचा तो नंतरच्या तासासाठी. आणि त्या तासात मंचावर अशीच माणसं बसव, ज्यांनी स्वतःच्याच लोकांचा राग ओढवून घेतलाय. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

समतोल म्हणून एक इस्रायलच्या बाजूचा, एक पॅलेस्टाईनच्या बाजूचा, मधे प्राध्यापक, ही मांडणी मला तोंडपाठ आहे. दोघं आपापल्या टाळ्या घेऊन जातात. समोरच्याची पापं मोजायला कसलं आलंय धाडस? धाडस ‘विमेन इन ब्लॅक’च्या इस्रायली बायकांचं. जानेवारी १९८८ पासून दर शुक्रवारी दुपारी जेरुसलेमच्या पॅरिस चौकात काळे कपडे घालून तासभर उभ्या राहायच्या, हातात ‘कब्जा थांबवा’चा फलक. शिव्या द्यायचे ते त्यांच्याच शहरातले, त्यांच्याच भाषेत. एमिल ग्रुन्झ्वाइग हा इस्रायली कार्यकर्ता फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘पीस नाउ’ या इस्रायली शांतता चळवळीच्या मोर्च्यात होता. बैरूतमधल्या सब्रा-शातिला इथल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाबद्दल संरक्षणमंत्री शॅरॉन यांना पदावरून काढा, ही मागणी. मोर्च्यावर हातबॉम्ब पडला, त्यात तो गेला. फेकणारा ज्यूच होता.

विव्हियन सिल्व्हर यांचं नाव निघेलच, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारेल, ‘मग काय मिळालं त्यांना?’ तिथे विषय बदलू नकोस. गाझातल्या आजारी माणसांना स्वतःच्या गाडीतून इस्रायलमधल्या दवाखान्यांत पोचवणारी ही बाई. २०१४ च्या युद्धानंतर ‘विमेन वेज पीस’ ही इस्रायली बायकांची शांतता संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमधल्या (सामूहिक वस्तीतल्या) आपल्या घरातच मारल्या गेल्या. तीनच दिवस आधी त्यांच्या संघटनेच्या आणि पॅलेस्टिनी ‘विमेन ऑफ द सन’च्या बायका जेरुसलेममध्ये एकत्र आल्या होत्या. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचा मुलगा योनातन आपली नोकरी सोडून त्याच कामाला लागला, एवढं सांग आणि थांब.

आपल्या मंडळातला एखादा काका गांधीजी काढणारच. तयारीत राहा. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह सुचवला. त्यावर १९३९ मध्ये जेरुसलेमहून ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी लांबलचक पत्र लिहिलं, की नाझी छळछावणीत हे चालायचं नाही. हेच बुबर अरबांबरोबर त्या भूमीत मिळून राहण्यासाठी स्वतःच्या पुढाऱ्यांशीही आयुष्यभर भांडले. असा माणूस आज हयात असता तर मी त्यालाच बोलावलं असतं, आणि तुझ्या कमिटीने बहुधा त्यालाही गाळलं असतं!

आणखी एक. आपली काही मंडळी खूश होतील, ‘बघा, खुद्द ज्यूच बोलतायत.’ त्यांना तिथेच अडव. ती माणसं आपल्या घरच्यांशी भांडायला उभी राहिली, तुमच्या मतावर शिक्का मारायला नव्हे. आपल्यातलं कुणी तसं बोललं की आपण काय करतो, हेही विचार. मी एकदा विचारलं होतं, गणपतीच्या कार्यक्रमात. त्यानंतर माझ्या हाती कुणी माइक दिला नाही. माझ्या कार्यक्रमांना खुर्च्या रिकाम्या असायच्या, हे तुला सांगितलं असेलच कुणीतरी. असायच्या. गर्दीच हवी असती तर ढोल-ताशा ठेवला असता. जे आले ते हॉलवाला दिवे घालवेपर्यंत उठले नाहीत. हट्टीपणा म्हण हवं तर.

तेव्हा आता समतोल शोधत बसू नकोस. ‘पेरेंट्स सर्कल’ला लिही. आपली माणसं या संघर्षात गमावलेल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांची ती संघटना आहे, १९९५ पासूनची. दोन पालक मिळतात का बघ, एकेका बाजूचा, पण बोलायला एकत्र येणारे. एकच मिळाला तर एकच बसव, तिसरी खुर्ची भरायला प्राध्यापक आणू नकोस.

पाहुणे माझ्याकडे उतरू देत. कुणी कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, पाळत असेल तर आधी कळव, नवी भांडी आणावी लागतील. आणि कमिटीच्या मीटिंगला मला बोलावू नकोस, मी भांडेन.

तुझी,
काकू