त्वचेचा लिम्फोमा : सगळी औषधं एकदम का देत नाहीत?

वडिलांच्या अंगावर तीन वर्षं चट्टे होते, नायटा समजून मलमं लावली. आता बायोप्सीत 'मायकोसिस फंगॉइडिस' आलंय. म्हणजे बुरशीच ना?

नाही, नाव फसवं आहे. 1806 मध्ये आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. अंगावरच्या गाठी अळंबीसारख्या दिसायच्या, म्हणून पुढे हे नाव चिकटलं. हा त्वचेतल्या टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग, म्हणजेच त्वचेचा लिम्फोमा. सुरुवातीला तो नायट्यासारखा दिसतो, सावळ्या कातडीवर कधी कोडासारखा, आणि पहिल्या बायोप्सीत बऱ्याचदा सापडतही नाही. तीन वर्षं गेली म्हणून स्वतःला बोल लावू नका.

मावसभावाचा लिम्फोमा सहा 'चॉप'मध्ये (चार औषधांची एकत्र केमो) बरा झाला. माझ्या यजमानांच्या अंगावर गाठी आहेत, तरी डॉक्टर एकच औषध देतात. जोरदार केमो मागून घ्यावी का?

मावसभावाचा लिम्फोमा बहुधा बी-पेशींचा असावा. नाव एक, जात वेगळी. यजमानांच्या आजारात चार औषधांनी गाठी विरघळतात खऱ्या, पण बहुतेकदा काही महिन्यांत परत डोकं वर काढतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हे तपासून पाहिलं होतं. 1989 मध्ये निष्कर्ष आले. रुग्ण 103; अर्ध्यांना सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन किरण आणि चार औषधांची केमो, बाकीच्यांना पायरीपायरीने त्वचेवरचे उपचार. आजार पूर्ण दिसेनासा झाला तो पहिल्या गटात 38 टक्क्यांचा, दुसऱ्यात 18. आकडे पाहून कुणीही पहिल्या गटाकडे धावेल! पण आयुष्य काही वाढलं नाही, त्रास मात्र पुष्कळ झाला.

शिवाय इथे कातडीच फुटलेली असते. केमोने पांढऱ्या पेशी घटल्या की जंतूंना दार सताड उघडं, आणि या आजारात पुष्कळ रुग्ण दगावतात ते जंतुसंसर्गानेच. म्हणून आधी एकेक औषध: जेमसायटाबिन, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा मेथोट्रेक्सेट. (मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायच्या. रोज घेतल्या तर जिवावर बेततं.) बायोप्सीत सीडी-30 (कर्करोगाच्या पेशींवरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह असेल तर त्यावर नेम धरणाऱ्या ब्रेंटुक्सिमॅब या औषधाचाही विचार होतो; रिपोर्ट काढून तेवढं बघा.

'चॉप' आम्ही राखून ठेवतो. गाठी झपाट्याने वाढल्या, आजार आतल्या अवयवांत उतरला, किंवा दात्याच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण करण्याआधी तो आटोक्यात आणायचा असला, तर.

आईची 'चॉप' सोमवारी सुरू होतेय. काय सांभाळू?

लाल औषधानंतर (डॉक्सोरुबिसिन) एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नव्हे. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही. ब्लाउजचे हूक लावता येईनात, तर पुढच्या डोसाआधी सांगा. प्रेडनिसोलोनच्या पाच दिवसांत साखर चढते, मधुमेह असेल तर रोज तपासा. सायकल साधारण 21 दिवसांची. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, तळाला असतो. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटला गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा.

रात्रभर खाज, सकाळी चादरीवर कोंडा. कडुलिंबाचा लेप लावू?

फुटलेल्या कातडीवर तर नकोच. कोमट पाण्याने आंघोळ, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, नखं कापलेली. तरी झोप येत नसेल तर डॉक्टरांना गाबापेन्टिन किंवा मिर्टाझापिनबद्दल विचारा.