‘आंबा उतरलाय’ म्हणजे झाडावरून काढलाय का?

नाही. झाडावरचा आंबा आपण ‘उतरवतो’. तो ‘उतरला’ म्हणजे पिकून पुढे गेला, चवीतून गेला. चेहरा उतरतो ना, तेच हे उतरणं.

सोलापुरात मे महिन्यात लक्ष्मी मार्केटमध्ये गेलात तर आंबा देठाजवळ धरून वास घ्या. गोड वासात आंबूस झाक आली असेल, देठापाशी बोट हलकंच टेकवलं तरी आत जात असेल, तर तो उतरला. आतली साखर आंबायला लागलेली असते, त्याचा तो वास.

‘नासका’ मात्र वेगळा. नासका फेकायचाच, उतरलेला त्याच्या अलीकडचा. म्हणून घरात म्हणतात, “आज रस काढा गं, उद्यापर्यंत उतरतील सगळे.”

चिकू, पपई, सीताफळ यांनाही हा शब्द चालतो, आमटी-भाजीलाही. काळ्या सालीच्या मऊ केळ्याला मी तरी ‘लिबलिबीत’ म्हणेन, कारण त्याची चव बहुतेकदा शाबूत असते. डाळिंब तोडल्यावर पुढे पिकतच नाही, त्यामुळे दाणे तपकिरी निघाले तर ‘आतून खराब निघालं’ म्हणणंच बरोबर.