ट्रॅव्हर्टाइनकडे बघताना

ट्रॅव्हर्टाइन म्हणजे झऱ्यांच्या पाण्यातून साचलेला, छिद्रांनी भरलेला चुनखडक. तो अभ्यासताना सुरुवातीला हातोडा बाजूला ठेव आणि खाणीच्या कापलेल्या भिंतीसमोर तासभर उभा राहा. तुर्कस्तानात देनिझ्लीजवळच्या खाणी त्यासाठी उत्तम. कुठे झुडपासारखं कॅल्साइट (चुनखडकाचं खनिज) वाढलंय, कुठे कुजून गेलेल्या बोरूंच्या जागी नळ्या उरल्यात, ते वहीत काढ.

दीड इंची प्लगवर, म्हणजे खडकातून कापलेल्या छोट्या दंडगोल नमुन्यावर, विसंबू नकोस. मुठीएवढी पोकळी त्यात मावतच नाही, आणि सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या पोकळ जागेचं प्रमाण, उगाच कमी दिसते. मी फसलोय. शिवाय छिद्रं भरपूर असली म्हणून ती जोडलेली असतात असं नाही. पारगम्यता, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो ते, वेगळी मोज.

ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यातल्या मिठाच्या थराखालच्या तेलसाठ्यांशी तुलना मात्र जपून. झुडपं सारखी दिसतात खरी, पण तिथला खडक अल्कधर्मी सरोवरात साचला असं अनेकजण मानतात. छिद्रांचे प्रकार खाणीतून शिक, थरांची भूमिती सिस्मिकमधूनच, म्हणजे जमिनीत लहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणातूनच, घे.