बाळंतपणानंतरचं हिमोग्लोबिन: हो/नाही करण्याआधी आकडाच मॉडेलमध्ये घ्या

तुमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीच्या हिमोग्लोबिनच्या तीन नोंदी आहेत: बाळंतपणाआधीची, साधारण 48 तासांनंतरची आणि सहा आठवड्यांनंतरची. प्रत्येक वेळी अ‍ॅनिमिया 'आहे/नाही' ठरवून लॉजिस्टिक रिग्रेशन (हो/नाही अशा उत्तरासाठीचं मॉडेल) केलं, तर लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्येच अ‍ॅनिमिया जास्त निघाला. आता गोळ्या निरुपयोगी आहेत असं लिहायचं का, हा तुमचा प्रश्न. तसं कृपया लिहू नका. गोळ्यांचा मुद्दा खाली येतो, पण गडबड त्याच्या आधीच सुरू झाली आहे.

अ‍ॅनिमियाची रेघ, म्हणजे ज्याच्या खाली अ‍ॅनिमिया धरतात तो आकडा, गरोदरपणात 11 ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि गरोदर नसलेल्या बाईसाठी 12. बाळंतपणानंतर लगेच अनेक ठिकाणी 10 धरतात. आता एक बाई घ्या: आधी 11.2, सहा आठवड्यांनी 11.7. तिचं हिमोग्लोबिन वाढलं, पण तुमच्या तक्त्यात ती 'नाही'वरून 'आहे'त गेली. बदलली ती रेघ. शिवाय 10.9 आणि 6.5 या दोघी तुमच्या मॉडेलला सारख्याच दिसतात, हे तर मला फारच खटकतं. 6.5 असलेली बाई बाळाला घेऊन उभी राहतानाही धापा टाकत असेल.

म्हणून हिमोग्लोबिनचा आकडाच आउटकम (ज्याचा अंदाज बांधायचा ते) ठेवा आणि प्रत्येक बाईला रँडम इंटरसेप्ट, म्हणजे तिची स्वतःची मूळ पातळी, देऊन मिक्स्ड मॉडेल बसवा; एकाच बाईच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असतात हे ते धरतं. तीनच नोंदींवर रँडम स्लोपचा, म्हणजे प्रत्येकीला बदलाचा वेगळा वेग देण्याचा, हट्ट नको. 'किती जणी 12 च्या खाली' हे हवंच असेल, तर ते त्याच मॉडेलमधून नंतर काढता येतं. फक्त तेव्हा उरलेला विखुरलेपणा, म्हणजे रेसिड्युअल व्हेरियन्स, धरायला विसरू नका.

काळ सरळ रेषेत टाकू नका. गरोदरपणात रक्तातला द्रव लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन पातळ होऊन कमी दिसतं. बाळंतपणात रक्त जातं, पहिल्या दोनेक दिवसांत आकडा तळाला जातो, आणि पुढे जादा द्रव ओसरतो तसा तो वर येतो. यातला काही भाग औषधाशिवायही होतो. तीन भेटी तीन वेगळ्या गटांसारख्या घ्या. मोजणीची नेमकी वेळ नोंदलेली असेल तर स्प्लाइन (काळानुसार लवचिकपणे वळणारी रेषा) उत्तम.

आता गोळ्या. त्या कोणाला दिल्या? ज्यांचं 48 तासांचं हिमोग्लोबिन कमी होतं त्यांनाच. म्हणजे गोळी हे आधीच्या अशक्तपणाचं चिन्ह झालं. सहा आठवड्यांच्या आकड्यासाठी वेगळं मॉडेल करा आणि त्यात 48 तासांचा आकडा, रक्तस्राव व आधीचा आकडा घाला. मग गोळीचा गुणांक, म्हणजे मॉडेलने दाखवलेला तिचा परिणाम, उलटला तरी लगेच हुरळून जाऊ नका. गोळी कोणाला द्यायची हे ठरवताना डॉक्टरांनी बघितलेल्या काही गोष्टी तुमच्या तक्त्यात नसतीलच. रक्त चढवलेल्या बायका गाळूही नका: त्या गाळल्या की सर्वांत जास्त रक्तस्राव झालेल्याच जातात.

सिझेरियनचा एकूण परिणाम हवा असेल, तर त्याच मॉडेलमध्ये रक्तस्राव घालू नका. तो परिणाम बऱ्याच अंशी रक्तस्रावातूनच होतो.

सहा आठवड्यांनी न आलेल्यांचा 48 तासांचा आकडा आणि आलेल्यांचा आकडा शेजारी ठेवून बघा. न येणं त्याच आकड्याशी जोडलेलं असेल तर मिक्स्ड मॉडेल बरंच सांभाळून घेतं. घरी तब्येत बिघडल्यामुळे कोणी आलं नसेल, तर मात्र नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. आमच्याकडे 48 तासांचं रक्त शिरेतून घेतलं जायचं आणि सहा आठवड्यांचं बोटाला टोचून. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळतीलच असं नाही, आणि वेळ व पद्धत एकत्रच बदलल्यामुळे कुठलंही मॉडेल ते वेगळं करू शकलं नाही. आठवडाभर गुणांकांशी झटल्यावर हे लक्षात आलं. तुमच्या नोंदवहीत पद्धतीचा रकाना आहे का, आणि 48 तासांची मोजणी सलाईन चालू असतानाची होती का, हे आधी बघा. ते कळलं की कोड इथे टाका, मी बघतो.