वाचकांचे प्रश्न : वाफ हवी, धूर नको

प्रश्न : मी गेली काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्ट येथे नोकरी करतो. मणक्याच्या जुन्या दुखण्यासाठी येथील डॉक्टरांनी मला औषधी गांजाची वाळलेली फुले लिहून दिली असून, ती ओढण्याऐवजी व्हेपोरायझरमधून, म्हणजे न जाळता तापवून वाफ देणाऱ्या यंत्रातून, घ्यावीत असे बजावले आहे. औषधांच्या दुकानात दाखवलेले यंत्र माझ्या ऐपतीबाहेरचे आहे, तर ऑनलाइन 30 युरोंपासून यंत्रे दिसतात. साधारण 100 युरोंत खिशात मावणारे, भरवशाचे यंत्र मिळू शकेल का? आणि ते वापरावे कसे?
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : मिळू शकेल. मात्र 30 युरोंच्या यंत्राचा विचार आपण सोडून द्यावा, आणि त्याचे कारण समजून घ्यावे, म्हणजे पुढची निवड आपली आपल्यालाच करता येईल.

फुलांतील औषधी द्रव्ये साधारण 160 ते 210 अंश सेल्सियसच्या दरम्यान वाफेच्या रूपात बाहेर पडतात, आणि 230 अंशांच्या आसपास वनस्पती करपून जळू लागते. व्हेपोरायझरचे सारे काम या दोन मर्यादांमधल्या अरुंद पट्ट्यात चालते. 2007 साली सॅन फ्रान्सिस्को येथे 18 निरोगी प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात, यंत्रातून वाफ घेतल्यावर रक्तातील टीएचसीचे (गांजातील नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याचे) प्रमाण धूम्रपानाइतकेच आढळले, पण श्वासातील कार्बन मोनॉक्साइडची वाढ धूम्रपानाच्या तुलनेत फारच कमी होती. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे खरा, परंतु त्या प्रयोगातले यंत्र टेबलावर ठेवायचे, तापमान काटेकोर राखणारे होते. अगदी स्वस्त ‘पेन’मध्ये, म्हणजे पेनच्या आकाराच्या यंत्रात, फुले तापलेल्या तारेला थेट टेकतात आणि जळतात, म्हणजे नाव व्हेपोरायझरचे आणि काम चिलमीचे.

खिशात मावणाऱ्या यंत्रांत उष्णता दोन प्रकारे पोहोचवली जाते. पहिल्या प्रकारात फुले तापलेल्या भांड्याच्या भिंतींना टेकून भाजली जातात. तव्यावर शेंगदाणे भाजताना ढवळले नाहीत तर खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात, तसेच येथे होते. म्हणून दोन-तीन झुरक्यांनंतर झाकण उघडून काडीने ढवळावे लागते. दुसऱ्या प्रकारात आपण श्वास आत ओढता तेव्हा गरम हवा फुलांमधून जाते. त्यामुळे भाजणे एकसारखे होते, चव बरी लागते आणि दोन झुरक्यांच्या मध्ये औषध उगाच तापत राहत नाही. पूर्वी हा दुसरा प्रकार महागच असे, पण आता आपल्या मर्यादेच्या आसपास तो मिळतो. एक्समॅक्स व्ही-3 प्रो हे त्याचे एक उदाहरण. त्याची 18650 या प्रमाणित आकाराची बॅटरी काढून बदलता येते, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण अशा यंत्रात सर्वांत आधी दम तोडते ती बॅटरीच, आणि ती आतच बंदिस्त असेल तर तिच्यासोबत सारे यंत्र टाकून द्यावे लागते. डायनाव्हॅप या अमेरिकी यंत्रात तर बॅटरीच नसते. धातूची टोपी बर्नरच्या ज्योतीवर फिरवत तापवायची आणि टोपीतून ‘टिक्’ असा आवाज आला की ज्योत दूर करायची. युक्ती सुंदर आहे. परंतु आपले दुखणे मणक्याचे आहे, आणि वेदनेने जागे झाल्यावर रात्री ज्योतीशी खेळ करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

यंत्र हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. तापमान अंशाअंशाने, किमान पाच-पाच अंशांनी तरी ठरवता यावे. फक्त लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांवर भागवणारे यंत्र औषधासाठी घेऊ नये. वाफेच्या वाटेत काच, सिरॅमिक किंवा स्टील असावे, साधे प्लॅस्टिक नको. पहिल्याच वापरात प्लॅस्टिकचा वास आला तर यंत्र परत करावे. आणि जाळी तसेच माउथपीस हे सुटे भाग वेगळे विकत मिळतात का, हे विचारून घ्यावे. मोबाइलवरचे ॲप आणि रंगीत पडदा यांचा पैसा वाचवता आला तर अवश्य वाचवावा.

औषधांच्या दुकानात आपल्याला दाखवलेले यंत्र बहुधा टुटलिंगेनच्या श्टोर्झ उंट बिकेल या कंपनीचे असावे. योगायोगाने ते गाव श्टुटगार्टच्याच राज्यातले आहे. या कंपनीच्या ‘मेडिक’ प्रकारांना वैद्यकीय उपकरणाची मान्यता आहे आणि किमतीत तिचाही वाटा आहे. म्हणून स्वस्त यंत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांमार्फत विमा कंपनीकडे एकदा लेखी विचारणा करावी. नकार आला तर टपालाचा खर्च गेला, एवढेच.

आता वापराविषयी. नवे यंत्र रिकामेच दोन-तीन वेळा पूर्ण तापवून थंड होऊ द्यावे, म्हणजे कारखान्यातील तेलाचा अंश निघून जाईल. फुले हातचक्कीत जाडसर दळावीत. पीठ केले तर जाळी तुंबते आणि हवा अडते. यंत्राच्या भांड्यात ती हलक्या हाताने भरावीत, ठासू नयेत. मात्रा डॉक्टरांनी सांगितली असेल तीच घ्यावी आणि ती नजरेने ठरवू नये. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा दहा-वीस युरोंत मिळतो आणि तो यंत्राइतकाच आवश्यक आहे. सुरुवात 175-180 अंशांवर करावी. सिगारेटसारखा जोराचा झुरका घेऊ नये. गरम चहाचा घोट घेतो तसा सावकाश, आठ-दहा सेकंदांचा श्वास घ्यावा. वाफ फार रोखून धरल्याने अधिक औषध मिळते असे नाही, खोकला मात्र मिळतो. पहिल्या दोन झुरक्यांनंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण बारीकशी वाफ पाहून ‘काहीच लागले नाही’ असे वाटते आणि माणूस घाईने मात्रा वाढवतो.

काम झाल्यावर फुलांचा रंग पाहावा. तो कॉफीच्या भुकटीसारखा तपकिरी असेल तर सारे ठीक आहे; काळी राख दिसली तर यंत्र जाळते आहे, तापमान उतरवावे. या तपकिरी चोथ्यातही अंश उरलेला असतो, म्हणून तो घरातील मुलांच्या हाती लागेल असा टाकू नये. वाफ धुरापेक्षा कमी त्रासदायक असली तरी निरुपद्रवी नाही, आणि औषध घेतल्यावर गाडी चालवण्याविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावे.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो. जर्मनीत मार्च 2017 पासून ही फुले डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, आणि 1 एप्रिल 2024 पासून तर त्यासाठी साधी चिठ्ठी पुरते. पण ती चिठ्ठी भारतात चालत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे नेमके हेच फुलोरे. दिवाळीला घरी जाताना फुले, चोथा आणि यंत्र, तिन्ही श्टुटगार्टलाच ठेवावे, चक्कीसुद्धा. आणि प्रवासातील वेदनेसाठी पर्यायी औषध निघण्याच्या बरेच आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझा भाचा टोरांटोहून पुण्याला येताना माझ्यासाठी असेच एक यंत्र आणणार आहे. मला दमा आहे. त्यात मी केवळ ओवा, तुळस आणि नीलगिरीची पाने घालणार आहे, गांजाचा काही संबंध नाही. हरकत नाही ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हरकत आहे, आणि ती दुहेरी आहे. 2019 च्या ई-सिगारेट प्रतिबंधक कायद्यातील व्याख्या केवळ निकोटिनपुरती नाही. निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्यासाठी त्याचा फवारा तयार करणारे विजेवरचे उपकरण, अशी ती व्यापक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी तिच्यातून वगळली आहेत. अशा उपकरणाच्या आयातीला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विमानतळावर ‘मावशीच्या ओव्यासाठी आणले’ हे भाच्याचे उत्तर कितीही खरे असले तरी त्याला त्या प्रसंगात लोटू नये.

दुसरी हरकत दम्याची. 180 अंशांवर तापलेल्या पानांतून निघणारी तेले आकुंचन पावलेल्या श्वासनलिकांना डिवचू शकतात, आणि तीव्र वासाने दमा उसळणाऱ्यांना नीलगिरीही सोसत नाही. ओव्याच्या धुरीविषयीही माझे मत तेच आहे. आजीने बाळंतिणीच्या खोलीत घातलेली धुरी आठवणीत कितीही सुगंधी असली तरी दमेकऱ्यासाठी तो धूरच. आपला इन्हेलर स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून बरोबर घेतला जातो का, हे डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावे. भाच्याने टोरांटोहून मेपल सिरप आणावे.

प्रश्न : माझ्याकडे काचेची नळी असलेले यंत्र आहे. महिनाभरातच झुरका जड येऊ लागला असून चवही कडवट लागते. यंत्र बिघडले असेल का?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : बहुधा बिघडलेले नाही, तुंबलेले आहे. वाफेतील राळ थंड होताना नळीत आणि जाळीवर साचते. प्रत्येक वापरानंतर भांडे कोमट असतानाच मऊ ब्रशने झाडावे, कारण पूर्ण थंड झाल्यावर राळ घट्ट धरून बसते. काचेची नळी आणि स्टीलची जाळी वेगळी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावी. अल्कोहोलमध्ये चमचाभर जाडे मीठ टाकून नळी हलवली तर आतील थर खरवडून निघतो. मग गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. यंत्राच्या मुख्य भागावर अल्कोहोल ओतू नये. कापसाच्या काडीला जेमतेम ओल देऊन भांडे पुसावे, आणि त्याआधी यंत्र बंद करून, निघत असल्यास बॅटरी बाहेर काढावी. अल्कोहोलचा वास पुरता जाईपर्यंत यंत्र तापवू नये, कारण त्याची वाफ पेट घेते. एवढे करूनही झुरका जडच आला, तर जाळी बदलून पाहावी.