फॅन आर्ट, आर्ट बुक आणि न वाचलेली नववी अट

नागपुरातील एका तरुण चित्रकाराने विचारणा केली आहे. एका जपानी मांगा (चित्रकथा) मालिकेतील पात्राचे त्यांनी काढलेले चित्र मुंबईच्या एका प्रकाशकाने अनेक चित्रकारांच्या फॅन आर्टच्या, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या आवडत्या पात्रांच्या चित्रांच्या, संग्रहात छापले, त्यांना पाच हजार रुपये मानधन दिले आणि तो संग्रह बाराशे रुपयांना विक्रीस आणला. आता मूळ हक्कधारकाच्या वकिलांची नोटीस प्रकाशकाला मिळाली आहे. ‘आम्ही चार लाखांत तडजोड करीत आहोत, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा, ही रक्कम करारातील नवव्या अटीनुसार आपल्याकडून वसूल केली जाईल,’ असे प्रकाशकाने त्यांना लिहिले आहे. चित्र स्वतः काढले, खाली मूळ निर्मात्याचे नावही दिले, मग आपण दोषी कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. फॅन आर्ट काढणाऱ्यांकडून, आणि अलीकडे त्यांच्या पालकांकडूनही, याच आशयाची पत्रे वारंवार येतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

श्रेय देणे आणि परवानगी घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आता नव्याने सांगण्याची गरज नसावी. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 52 मधील उचित वापराची सवलत खासगी वापर, टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांपुरती आहे, आणि विकाऊ आर्ट बुक तीत बसविणे कठीण आहे. आपण केवळ कल्पना घेतली की मूळ रेखाटनच उचलले, यावर मात्र वाद होऊ शकतो. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या आविष्कारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केले आहे. चित्र पाहिल्याशिवाय त्याविषयी मत देणे योग्य ठरणार नाही, आणि आपल्या प्रकरणाचा निकाल तेथे लागणारही नाही.

तो लागेल नवव्या अटीवर. ‘चित्र सर्वस्वी मौलिक आहे, त्रयस्थाच्या हक्काचा भंग झाल्यास प्रकाशकाचे सर्व नुकसान मी भरून देईन,’ असे वचन आपण ऑनलाइन अर्जात ‘मान्य’ या शब्दावर टिचकी मारून दिले आहे. पाच हजारांच्या आनंदात अर्ज खालपर्यंत वाचण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, हे आपणच कळविले आहे. ‘मी सही कुठे केली?’ या सबबीवर फार विसंबू नये. कॉपीराइटचे हस्तांतरण सहीनिशी लेखी असावे लागते, हे खरे; परंतु नुकसानभरपाईची हमी हा साधा करार आहे आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 10अ प्रमाणे तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही होऊ शकतो.

अशा हमीचा हिशेब भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 125 मध्ये दिला आहे. दाव्यातील तडजोडीपोटी दिलेली रक्कम हमी घेणाऱ्याला, येथे प्रकाशकाला, परत मागता येते, पण ती तडजोड हमी देणाऱ्याच्या, येथे आपल्या, सूचनेविरुद्ध झालेली नसावी आणि अशी हमी हाती नसतानाही शहाण्या माणसाने ती केली असती, अशी ती असावी. म्हणजे, आपण काहीच सूचना दिली नाही तर सूचनेविरुद्ध तडजोड झाली असे म्हणण्याची सोय आपणच गमावता. प्रकाशकाचे पत्र येऊन अकरा दिवस झाले आणि ते दिवस आपण मित्रांचा सल्ला घेण्यात घालविले. उरलेल्या चार दिवसांत स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही लेखी हरकत गेली पाहिजे.

हरकतीत तीन प्रश्न उपस्थित करावेत. अद्याप दावाच दाखल नसताना चार लाखांची घाई कशासाठी? ही रक्कम एकट्या आपल्या चित्राची की संपूर्ण संग्रहाची? आणि तिच्यात प्रकाशकाने विक्रीतून मिळविलेला नफा किती? मिळालेला नफा परत करावा लागणे हे ‘नुकसान’ नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. न्यायालय तो किती मानेल, हे अटीच्या शब्दरचनेवर अवलंबून राहील.

हरकतीत माफी मात्र मागू नये. ‘पात्र माझे नाही हे मला ठाऊक होते, सॉरी’ असा व्हॉट्सॲप संदेश आपण प्रकाशकाला आधीच पाठवून बसला आहात, आणि तो वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम 63 खालील गुन्ह्यात ‘जाणूनबुजून’ हाच कळीचा घटक आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी असून, हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे. फिर्याद होईलच असे नाही, परंतु यापुढे प्रकाशकाशी बोलणे वकिलामार्फतच करावे. त्याच चित्राचे प्रिंट आणि स्टिकर विकत असाल, तर ते आजच थांबवावे.

आपल्या बाजूने सर्वांत भक्कम गोष्ट आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे: प्रकाशकाच्या आवाहनातच ‘आपल्या आवडत्या मांगा पात्राचे चित्र पाठवा’ असे म्हटले होते. ज्याने दुसऱ्याचे पात्र मुद्दाम मागविले, त्याने मौलिकतेच्या हमीवर विसंबून आपण फसलो असे म्हणणे न्यायालयाला सहज पटू नये. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाचा भार दुसऱ्यावर टाकणारी अट करार अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे बेकायदेशीर आहे, असेही म्हणता येईल. प्रकाशकाने दावा करायचे ठरविले, तो व्यावसायिक वाद ठरला आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसला, तर आधी विधी सेवा प्राधिकरणापुढे मध्यस्थी होईल. तेथेच मिटविलेले बरे, कारण पुढे साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचायलाच किती वर्षे जातील, याचा अंदाज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील कोणताही वकील छातीठोकपणे देणार नाही. ते आवाहन इन्स्टाग्रामवर अजून दिसत असेल, तर तारीख व खात्याचे नाव दिसेल असे त्याचे स्क्रीनशॉट आजच घ्यावेत, ज्या फोनवर घेतले तो विकू वा बदलू नये, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 प्रमाणे त्यांना जोडावयाचे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्यावे. हे सर्व हरकतीचे पत्र प्रकाशकाच्या हाती पडण्यापूर्वी करावे, कारण ते मिळाल्यावर तो पहिल्यांदा ती पोस्टच काढून टाकील.