ब्रीडरने दिलेल्या हेल्थ गॅरंटीत नेमकं काय असायला हवं?

तुम्ही विचारलंय की ब्रीडर पिल्लासोबत 48 तासांची हेल्थ गॅरंटी देतोय, ती पुरेशी आहे का आणि जबाबदार ब्रीडरने आणखी काय द्यायला हवं.

48 तास अजिबात पुरत नाहीत. पार्वो या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर उलट्या-जुलाब सुरू व्हायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी 14 सुद्धा. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजारालाही दिसायला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात. म्हणजे पिल्लू ब्रीडरकडूनच आजार घेऊन निघालं, तरी तो दिसेपर्यंत गॅरंटी संपलेली असते. संसर्गजन्य आजारांसाठी किमान दोन आठवडे मागा. पिल्लू 72 तासांत व्हेटला दाखवलंच पाहिजे अशी ब्रीडरची अट असेल तर ती मात्र रास्त आहे, आणि ती आपण पाळावी. टाळूला असलेली फट, हर्निया, हृदयाचा जादा आवाज असे दोष बहुतेक वेळा पहिल्या तपासणीतच कळतात.

खरी मेख आनुवंशिक आजारांची आहे. आमची लॅब्रडॉर आठ महिन्यांची असताना पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायला लागली. झोपेतून उठताना आधी पुढच्या पायांवर उभी राहायची, जरा थांबायची, मग मागचा भाग ओढून वर घ्यायची. एक्स-रेमध्ये हिप डिस्प्लेजिया निघाला, म्हणजे खुब्याच्या खोबणीत हाडाचा गोळा नीट बसत नव्हता. गॅरंटी एक वर्षाची होती, त्यामुळे मुदतीत बसत होतं. पण कागदावर लिहिलं होतं की पिल्लू परत करा, बदल्यात दुसरं घेऊन जा. परत दिलेल्या कुत्रीचं तुम्ही काय करता, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही. आम्ही तिला ठेवलं आणि गॅरंटीतून काहीही मिळालं नाही.

ज्या जीवाला आपण रोज मांडीवर घेतलंय तो कोणी परत करत नाही, आणि हे ब्रीडरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून जनावर आपल्याकडे ठेवूनही किमतीचा परतावा किंवा उपचारखर्चात वाटा मिळेल, असं वाक्य करारात हवंच. मुदत किमान दोन वर्षं. अमेरिकेतली ओएफए ही संस्था कुत्रा 24 महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्याचं अंतिम प्रमाणपत्र देत नाही, मग एका वर्षाची गॅरंटी नक्की कशाची?

ब्रीडरच्या बाजूनेही एक सांगायला हवं. हिप डिस्प्लेजियामागे अनेक जनुकं असतात, शिवाय वाढीच्या वयातलं वजन आणि व्यायामही. आईबापाचे खुबे उत्तम असूनही एखाद्या पिल्लाला तो होतो. त्यामुळे 'पिल्लाचं वजन आटोक्यात ठेवा' ही अट मला पटते. 'आमच्याकडचीच पूरक आहाराची पावडर आयुष्यभर घ्या, नाहीतर गॅरंटी रद्द' ही अजिबात पटत नाही.

काही आजारांत मात्र जवळजवळ पक्की हमी देता येते. पर्शियन मांजरांतला पॉलिसिस्टिक किडनीचा (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार मुख्यतः एकाच जनुकातल्या दोषामुळे होतो आणि आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. दोघांचा डीएनए रिपोर्ट स्वच्छ असेल तर पिल्लांची त्या दोषातून सुटका. मेन कून जातीच्या मांजरांतल्या हृदयाच्या आजारात तसं नाही. तिथे जनुकचाचणी स्वच्छ असलेल्या मांजरालाही पुढे आजार होऊ शकतो, म्हणून आईबापांचा ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी) सुद्धा बघायला मागा. आगाऊ रक्कम देण्याआधी हे रिपोर्ट हातात घ्या, त्यावरचा मायक्रोचिप नंबर त्याच जनावराचा आहे का तेही पडताळा. 'आमच्याकडे आजवर काहीच निघालं नाही' हा रिपोर्ट नव्हे.

लसी आणि जंतांच्या औषधांच्या तारखा लेखी घ्या, त्यावर जास्त बोलायला नको. पण दोन गोष्टी आवर्जून लिहून घ्या. तुम्हाला कधीही, कितीही वर्षांनी सांभाळणं अशक्य झालं तर ब्रीडर त्या जनावराला परत घेईल. आणि गंभीर आनुवंशिक आजार निघाला तर तीच जोडी तो पुन्हा लावणार नाही. आमच्या कुत्रीचा एक्स-रे मी त्या ब्रीडरला पाठवला होता. चार महिन्यांनी त्याच आईबापांचं पुढचं वेत विकायला होतं.